बी-विंगमागचा सॅलॅमँडर

२ ऑक्टोबर, सकाळ
बी-विंगमागचं बदामाचं झाड तोडून तिथे पार्किंग करायचा घाट घातलाय. महिनाअखेरीस सोसायटीची मीटिंग. रिटायर झाल्यापासून घरात मी सगळ्यांच्या पायात येतो. बसायला ती सावलीच काय ती. गेली तर मी जाऊ कुठे?
पण टेन्शन नाही. आज सडक्या ओंडक्याखाली चार पायांचं, चकचकीत, ओलसर काहीतरी दिसलं. पाल नक्कीच नाही. सॅलॅमँडर! बेडकाच्या नात्यातला, दुर्मिळ प्राणी. आता झाडाला हात लावायची कुणाची टाप आहे?

दुपार
यूट्यूबवर अभ्यास पूर्ण. जंगलातल्या या सॅलॅमँडरला फुप्फुसंच नसतात. कातडीतून श्वास घेतो, कातडी सुकली की खलास. म्हणून ओला पाचोळा हवा. अंडी ओंडक्याखाली, राखणीला आई. आपल्या देशात ही जात नाहीच म्हणे. म्हणजे पहिला मान घणसोलीला!

४ ऑक्टोबर
वैजयंती बघून आली. म्हणाली, अहो, सापसुरळी आहे ती, अंगावर खवले दिसत नाहीत का? आमच्या माहेरी पायरीवर ऊन खात पडलेल्या असायच्या.
ऊन म्हणे! या बाईशी मी संसार केला.
पाचोळा झाडायला मनाई केली. ओली गोणपाटं पसरली. पाणी कमी पडू नये म्हणून डबे भरून ठेवले.

१२ ऑक्टोबर
ग्रुपवर फोटो टाकला. जरा हललाय. तिसऱ्या मजल्यावरच्या ऋषीने अंगठा दाखवला. पाठिंबा वाढतोय.

२४ ऑक्टोबर
तळमजल्यावरच्या वेणूबाईंच्या भाविकाला डेंग्यू. पालिकेची माणसं आली, माझ्या डब्यांत अळ्या सापडल्या. वेणूबाई जिन्यातच रडल्या. म्हणाल्या, तुमच्या पालीपायी माझी पोर सलाइनवर हाय.
पाल नाही, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. फार वाईट वाटलं.

२६ ऑक्टोबर
मीटिंग. सेक्रेटरी भोईर म्हणाले, काका, अर्धे लोक झाडाच्या बाजूनंच होते, आमी विषय सोडूनच देनार होतो. आता काय करनार?
ठराव एकमताने पास. हात मीही वर केला. वेणूबाई समोरच बसल्या होत्या.

५ नोव्हेंबर
भाविका घरी आली. देव पावला. झाड पाडलं. मी खिडकी लावून घेतली.

१६ नोव्हेंबर
पेव्हर ब्लॉक बसले. चांगलेच तापलेले. मधोमध माझा सॅलॅमँडर ऊन खात पडलेला. खवले लखलखत होते. एवढा खुशीत मी त्याला कधी पाहिला नव्हता.
वॉचमन म्हणाला, काका, बाजूला व्हा, गाडी लागतेय.
वर आलो. वैजयंती म्हणाली, पाय उचला, लादी पुसायचीय.