बाबा नको म्हणाले

१४ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही बरे आहोत, तुम्हीही सगळे असालच. बाबा काल अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत आले. फोनवर तुला एवढंच सांगितलं.

न्यूमोनियाने त्यांना श्वास पुरेना, म्हणून चार दिवस हेल्मेट घातलं होतं. म्हणजे डोक्यावर पारदर्शक पिशवीसारखं टोपडं, गळ्याशी घट्ट रबरी कडं, काखेखालून पट्टे आणि आत सारखी जोरात सोडलेली हवा. आपले बाबा पडले शिंपी. जरा हुशारी आली की गळा चाचपायचे, माप चुकलंय अशा चेहऱ्याने. मला हसू आलं. मग हसल्याची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यानं भागलं नाही तर घशात नळी घालावी लागेल. या वयात सोपं नाही, पण वाचूही शकतात. त्यांना विचारून बघा."

मी हेल्मेटला तोंड लावून ओरडले, "बाबा, नळी घालायची का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मान हलवली, हातही हलवला.

बाहेर येऊन मी सांगितलं, "बाबा नको म्हणतात." डॉक्टरीणबाईंनी तसं कागदावर लिहून घेतलं. मी सही केली. तुला विचारलं नाही.

नळी लागलीच नाही. परवा हेल्मेट काढलं, आणि नर्सने बाबांच्या दोन्ही कानांतून बोळे काढले. आतल्या हवेचा आवाज सोसत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासूनच घातलेले.

मी विचारलं, "बाबा, त्या दिवशी मी काय म्हणाले, कळलं होतं?"

"छे गं. तू रडत होतीस. रडू नको म्हणत होतो."

ताई, मी रडत होते हेच मला आठवत नाही. मग मला आठवतंय ते तरी खरं का? मला ते 'नको' दिसलं, की इतकी थकले होते की मला तेच दिसायला हवं होतं? सकाळी वाटतं, छे, असं कसं. जेवताना वाटतं, तसंच होतं.

कागद अजून फाइलमध्ये आहे. छाती पुन्हा भरू शकते, आत्ताच नीट विचारून ठेवा, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मी दोनदा खोलीत गेले. एकदा उशी सारखी केली, एकदा पाणी हवंय का विचारलं.

तू ये. तूच विचार. माझ्या ऐकण्यावर माझा भरवसा राहिला नाही.

बाबांना अजून काहीच न सांगितलेली,
तुझी धाकटी