शंभर दाणे

नांदेड
१९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप शेषेराव गुरुजींना,
रामलिंगचा शरणार्थ.

इकडे सगळे ठीक. आईची सकाळची पूजा अजून चुकत नाही. तुमच्या गुडघ्यांना भोकरच्या तेलानं उतार पडला का?

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "रामलिंग, तुझा तो कण हाय ना जागेवर?" मी हसून विषय बदलला. म्हणून हे पत्र.

कण नाही, गुरुजी.

प्रोटॉनमध्ये क्वार्क नावाचे तीन बारके कण असतात. आम्ही पाचांचा कण शोधत होतो. परदेशातल्या प्रयोगशाळेत कणांचा झोत आदळतो, त्या कोट्यवधी टकरींची माहिती इथं कॉलेजात येते. चाळण्या, म्हणजे निवडीच्या अटी, लावून थोड्या टकरी निवडायच्या आणि आलेखावर उंचवटा येतो का पाहायचं; उंचवटा आला तर कण आहे. दोन वर्षांपूर्वी आला. तुम्ही शाळेच्या भिंतीवर माझ्या नावाची ओळ रंगवून घेतलीत. यंदा दुप्पट माहिती मिळाली आणि उंचवटा सपाट झाला.

योगायोग होता, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते पुरतं खरं नाही.

सुकन्या ही माझी विद्यार्थिनी, किनवटच्या आश्रमशाळेतली. तिची पीएचडी याच कणावर. तिनं विचारलं, "सर, ही चाळणी आधी ठरली, का उंचवटा दिसल्यावर?"

"आठवत नाही."

"मग जुन्या फाइली बघते की मी."

आठवत होतं. आठ चाळण्या लावून पाहिल्या होत्या. जिच्यात कण ठळक दिसला ती ठेवली. बाकीच्या सातांबद्दल कुणाशी बोललो नाही.

चौथीत तुम्ही घरच्या बियाण्यातले ज्वारीचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजायला लावली होती. माझे सत्त्याण्णव उगवले. तुम्ही म्हणालात, "टपोरे बघून घेतलेस व्हय रे? डोळे मिटून मूठ भर अन् परत मोज." दुसऱ्यांदा एकसष्ट. वडिलांनी ते बियाणं पेरलं नाही.

काल लिंगपूजेला डोळे मिटले, तर ते गोणपाटच समोर आलं. उठलो, सुकन्याला फोन केला आणि आठही चाळण्या सांगितल्या. येत्या बुधवारी ती सगळ्या गटासमोर मांडेल. चूक माझी, शोधली तिनं, असं मी लिहून दिलंय. फोनवर तिनं आठही चाळण्या उतरवून घेतल्या. मग म्हणाली, "सर, जेवलात का?"

विज्ञान दिनाला बोलावलंत, येतो. भिंतीवरची ओळ तोवर राहू द्या. पोरांसमोर मीच पुसेन. चुना आणतो, थोडी ज्वारीही आणतो. मूठ पोरांना भरू द्या.

तुमचा,
सत्त्याण्णव दाण्यांचा
रामलिंग