कॉफीच्या भेटीत राहून गेलेला प्रश्न

तीर्थरूप इदालिनामावशी,

आधी आशीर्वाद द्या, मग पुढे वाचा. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? जॅसिंटोकाका पहाटे गोठ्यात जाताना कानटोपी घालतात का? डोंगरी गाय व्याली का? माझे इथे उत्तम चालले आहे. (आईला पत्र दाखवायचे झाले तर एवढेच वाक्य दाखवा, बाकीचे घडी घालून ठेवा.)

गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजातून मी एकदम विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये तिसऱ्या वर्षाला आलो, हे तुम्ही पेंटेकॉस्टच्या सणाच्या जेवणात, चर्चच्या हॉलमध्ये उभे राहून सगळ्यांना सांगितलेत. लोकांनी सूप बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. (आपल्या हॉलमध्ये सूप कोणासाठी बाजूला ठेवत नाहीत, हे मी जाणतो.) म्हणून पुढची हकीकत तुम्हालाच सांगणे भाग आहे.

इथल्या मुलांच्या मैत्र्या पहिल्याच वर्षी ठरून गेल्या आहेत. आपल्या गाई दूध काढायच्या वेळी जशा आपापल्या जागी जाऊन उभ्या राहतात, तशी ही मुले वर्गात जाऊन बसतात. मी कुठेही बसलो की कोणीतरी येऊन अगदी गोड आवाजात म्हणते, “इथे आमचं कोणीतरी बसतं.” त्यावर उपाय म्हणजे विद्यार्थ्यांचे क्लब. क्लबात घेतले की मित्र मिळतात, उन्हाळ्याची नोकरीही मिळते. पण आधी क्लबातल्या एखाद्या वरच्या विद्यार्थ्याबरोबर कॉफी प्यावी लागते. (कॉफी कोणी पीत नाही, पेला नुसता हातात धरतात.) तेवढ्या वेळात आपण एक हुशार प्रश्न विचारायचा. मी प्रश्न तयार केला, शब्दकोशात पडताळला आणि पाठ केला.

माझ्या वाट्याला मॅरेन हॉलक्विस्ट नावाची शेवटच्या वर्षाची मुलगी आली. रिकाम्या हाताने जाणे बरे दिसत नाही, म्हणून तुम्ही दिलेला गोड पाव नेला.

“हे काय?”

“मावशीनं केलाय. तिचा गुडघा दुखतो, तरी उभं राहून मळते.”

“अरे बाबा, मी निवड समितीवर आहे. मला काही घेता येत नाही!”

आता मावशी, तुम्हीच सांगा, घरच्यांची विचारपूस केल्याशिवाय कोणी मुद्द्यावर येते का? काका शेजारी ट्रॅक्टर मागायला गेले तरी त्या घरातले शेवटचे आजारी माणूस विचारून होईपर्यंत ट्रॅक्टरचे नाव काढत नाहीत. मी तिचे वडील विचारले, आई विचारली. दोघे बरे होते. मग आजी विचारली.

मॅरेनने पेला खाली ठेवला. “आजी हॉस्पिटलात आहे.”

“जवळ कोण असतं?”

“कोणी नाही,” ती म्हणाली, आणि पाव मोडून खाऊ लागली. अर्धा पाव आणि सगळी आजी संपेपर्यंत सूट घातलेला पुढचा उमेदवार येऊन उभा राहिला. “अगं बाई,” ती डोळे पुसत म्हणाली, “तू काही विचारलंच नाहीस!”

समितीचा निरोप आला: उमेदवार सभ्य आहे, हेतू स्पष्ट नाही.

तेव्हापासून जेवताना मी पुस्तक उघडून समोर ठेवतो आणि अधूनमधून पान उलटतो, म्हणजे मुद्दाम एकटा बसलो आहे असे वाटते. काल एकच प्रकरण दोनदा उलटून झाले. त्यात काय होते ते सांगता येणार नाही.

तुमचा धर्मपुत्र,
डेल्मिरो

ता. क. खरे म्हणजे एवढ्याचसाठी लिहायला बसलो होतो. माझ्या जागी दूध काढायला नाताळपर्यंत दुसरा माणूस ठेवू नका, असे काकांना सांगाल का? कारण मात्र सांगू नका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायचे राहिले होते, म्हणून लिहितो. आज जेवताना मॅरेन ताट घेऊन समोर येऊन बसली. आजीला घरी आणले आहे. (क्लबात घेतलेले नाही. तो विषयच निघाला नाही.) बसल्या बसल्या तिने विचारले, “मावशीचा गुडघा कसाय?” इथे आल्यापासून माझ्या घरच्यांची कोणी विचारपूस केली ती ही पहिल्यांदा. मी घाईने म्हणालो, “बराय.”

“बराय म्हणजे काय? नीट सांग. गुरुवारी परत विचारणारे मी.”

तेव्हा काकांना तूर्त काही बोलू नका. गुडघ्याचे मात्र खरे आणि सविस्तर लिहा, आणि पत्र गुरुवारच्या आत पोचेल असे टाका.