शेवटच्या दाराआधी सगळी कामं उरका

२ जून, सोमवार
आजपासून इंग्रजी. स्टोअर इन्चार्जची जागा रिकामी झाली आहे. मुलाखत ३ जुलै, सकाळी अकरा वाजता, नवे मॅनेजर साहेब घेणार. साहेबांना मराठीचा म सुद्धा येत नाही असं ऑफिसात सगळे म्हणतात. ही जागा दोनदा माझ्या हातातोंडाशी येऊन गेली. पंख्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं रॅकवरची खोकी उतरवतोय, उजवा गुडघा आता जाहीरपणे कुरकुरतो. इन्चार्जला खुर्ची असते. हातांची, चाकांची. मला ती खुर्ची पाहिजे. बाकी मानमरातब वगैरे लोकांना सांगायला.
बायकोला म्हटलं, महिन्याभरात फाडफाड बोलतो की नाही बघ. ती म्हणाली, त्याआधी गॅसवाल्याला फोन करा, तो मराठीत चालेल.

३ जून
क्लासची चौकशी केली. वेळ संध्याकाळी सात ते आठ. ती माझी पाठ टेकायची वेळ. क्लास बाद.
मग डिक्शनरी घेतली. दुसऱ्या पानावर डोळा लागला. दोष डिक्शनरीचा. पुढे काय होणार याची काही उत्सुकताच नाही त्यात.

५ जून, गुरुवार
मार्ग सापडला! लेक अकरावीत आहे आणि कॉम्प्युटरवर एक गेम खेळते. किल्ला, भुयारं, चालते-फिरते सांगाडे. अडली की इंटरनेटवरची गाइड उघडते. कुठे वळायचं, काय उचलायचं, कोणाला ठोकायचं, सगळं पायरीपायरीने आणि सोप्या इंग्रजीत. एकशे ऐंशी पानं. तिचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून म्हटलं मी मोठ्याने वाचतो. तिचा खेळ, माझा अभ्यास. एका दगडात दोन पक्षी.
आजचे शब्द: डंजन (तळघर), अँटिडोट (विषावरचा उतारा), अँबुश (दबा धरून हल्ला), बिवेअर (सावधान).

९ जून
एकूण शब्द तेवीस. लेकीची तक्रार आहे की मी एका शब्दाचा अर्थ शोधेपर्यंत ती तीनदा मेली. मी समजावलं की शिकायला वेळ लागतो. म्हणाली, मरायला लागत नाही.
तरी रोज तासभर आम्ही शेजारी बसतो. दहावीपासून पोर माझ्याशी एवढं बोलली नव्हती. बरं वाटतं.

१३ जून, शुक्रवार
शब्द वापरल्याशिवाय मुरत नाही. सकाळी गेटवर वॉचमनला गंभीरपणे बिवेअर म्हटलं. त्याने दिवसभर प्रत्येक गाडीचा गेटपास दोनदा तपासला. बाहेर ट्रकची रांग. खरेदी विभागाच्या साहेबांना जिन्यात गाठून अँबुश म्हटलं. त्यांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? त्यांचं इंग्रजी यथातथाच आहे.

२० जून
आठवडाभर वाचन नाही. दोन दिवस पाहुणे, एक दिवस गुडघा, एक दिवस लाईट. उरलेल्या दिवसांचं आठवत नाही, पण कारण असणारच.
लेक मधल्या मध्ये गाइडशिवायच चाळीस पानं पुढे गेली. म्हणाली, बाबा, राहू दे, मी करते. थोडं लागलं मनाला. आता मी एकटाच वाचतो. बायको म्हणते, गेम न खेळता गाइड वाचणं म्हणजे लग्नाला न जाता नुसती पत्रिका वाचणं.

२४ जून, मंगळवार
आज डोक्यात वीज चमकली. गेमची गाइड असते, तशी मुलाखतीची का नसावी? वहीत लिहायला घेतली. साहेबांच्या ड्रायव्हरकडून, झाडूवाल्या मावशींकडून आणि कँटीनमधून माहिती काढली. साहेबांना खिडकी उघडी लागते. टेबलावरच्या कुंडीला हात लावलेला खपत नाही. पाच मिनिटं उशीर झाला तर भेटत नाहीत. सगळं चौदा पायऱ्यांत बसवलं. पहिली पायरी: पाच मिनिटं आधी पोहोचा. आठव्या पायरीला साहेबांना सांगायची इंग्रजी वाक्यं, पाठ केलेली, एकूण सहा.
असं काम या कारखान्यात आजवर कोणी केलं नसेल.

२६ जून
पॅकिंगवाल्या बाईंनीही अर्ज केलाय! कोणासमोर उभ्या राहिल्या तर त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही. बारा वर्षांत मी त्यांचं एक सलग वाक्य ऐकलेलं नाही. दुपारी स्टोअरमध्ये टेपचे रोल न्यायला आल्या तेव्हा हळूच विचारलं, इंग्रजी लागेलच का हो? मला हसू आलं. दया पण आली. माझी वही काढून दिली. म्हटलं, वाचा, मला आता सगळं पाठ आहे. बुडत्याला काडीचा आधार. आपण मन मोठं ठेवावं.

३० जून, सोमवार
गाइडच्या एकशे एकाहत्तराव्या पानावर अक्षरशः थबकलो. तिथे शेवटचं दार येतं. ठळक अक्षरांत सूचना आहे: या दारापलीकडे गेलात की परतीची वाट नाही, म्हणून राहिलेली सगळी कामं आधी उरका. लेकीला विचारलं, ही सूचना पाळतात का? म्हणाली, पाळतात, नाहीतर शेवटी पस्तावतात.
कामं अर्धवट टाकून मोठ्या खुर्चीत जाऊन बसणारी माणसं मी पाहिलीत. आपण तसं करायचं नाही.

३ जुलै, सकाळी ७.१०
शर्ट इस्त्रीचा. गुडघ्याला पट्टा. सहा वाक्यं दोनदा म्हटली. बायकोने न मागता दही-साखर, नाही, नुसती साखर हातावर ठेवली. दही विरजलंच नव्हतं. तिने तिच्या भावाला आधीच सांगून ठेवलंय की यंदा नक्की. आता मागे फिरणं नाही.

३ जुलै, सकाळी ९.३०
राहिलेली कामं: वॉचमनच्या टॉर्चचे सेल. कॅशियरची छत्री, माझ्याकडे आठ महिने पडलेली. सहाव्या रॅकवरच्या बेअरिंगची मोजणी, मार्चपासून बाकी. पॅकिंगला टेपचे रोल. अकराला भरपूर वेळ आहे.

३ जुलै, दुपारी १.००
सेल दिले. कॅशियर जागेवर नव्हता, त्याला शोधत तीन मजले चढलो. छत्री परत केली तर म्हणाला, ही माझी नाहीच. मग ज्याची होती त्याला शोधलं. बेअरिंग दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा चौदा कमी भरले आणि ते चौदा माझ्याच ड्रॉवरमध्ये निघाले. रोल द्यायला पॅकिंगमध्ये गेलो तर बाई जागेवर नाहीत. मनात म्हटलं, कामाच्या वेळी भटकतात.
साहेबांच्या दाराशी पोहोचलो तेव्हा बारा वीस. मागे एकही काम शिल्लक नव्हतं. साहेबही नव्हते. खाली गाडीत बसताना सापडले. काचेशी वाकून सहापैकी पहिलं वाक्य म्हटलं. साहेब हसले आणि मराठीत म्हणाले, उशीर झाला.
उच्चार अजून कच्चे आहेत त्यांचे.

४ जुलै, शुक्रवार
बोर्डावर कागद लागला. इन्चार्ज: पॅकिंगवाल्या बाई.
वही परत करायला आल्या. माझ्यासमोर उभ्या राहून सलग बोलल्या, मोजली तर सात-आठ वाक्यं. साहेबांना मराठी शिकायचीय, म्हणून अर्धा तास मराठीतच विचारत होते. इंग्रजी लागलंच नाही. तुमच्या वहीतलं वेळेवर पोहोचायचं तेवढं कामी आलं, फार उपकार झाले. मी म्हटलं, त्यात काय एवढं.
वाईट वाटलं. लपवून काय करू, फार वाईट वाटलं. जेवणाच्या सुट्टीत सहाव्या रॅकमागे जाऊन उभा राहिलो. तिथे बसायला काही नाही.
घरी सांगितलं की निकाल अजून लागायचाय. बायकोने ताट वाढलं. लेकीने विचारलं, बाबा, पुढचं भुयार वाचता का? मी म्हटलं, आज नको.

७ जुलै, सोमवार
सकाळी माझ्या रॅकपाशी पॅकिंगमधलं लाकडी स्टूल. वर जुनी उशी, सुतळीने बांधलेली. बाईंनी सांगितलं की आजपासून मोजणी बसून करायची, खोकी दुसरा माणूस उतरवेल. हे त्यांना कसं सुचलं म्हणून विचारलं. म्हणाल्या, तुमच्या मिसेस शनिवारी घरी आल्या होत्या, निकाल त्यांना बाजारात वॉचमनकडून कळला म्हणे. अभिनंदन केलं, चहा घेतला आणि जाताना तुमच्या गुडघ्याचं सांगितलं.
म्हणजे शनिवारपासून तिला सगळं माहीत होतं. आणि मी रविवारी जेवताना अर्धा तास तिला सांगत होतो की मोठ्या जागांचे निकाल उशिरा लागतात. तिने ऐकून घेतलं. वर आणखी एक पोळी वाढली.
स्टूल एका पायाने डुगडुगतं. हात नाहीत, चाकं नाहीत. संध्याकाळपर्यंत बसून काम केलं. गुडघा दुखला नाही. घरी आल्यावर बायकोने विचारलं, आज कसा आहे गुडघा? म्हटलं, तसाच आहे.