ड्रॉइंगचं कव्हर घातलेलं पुस्तक

३ ऑगस्ट, रविवार

पाणी पावणेसहाला आलं, सातला गेलं. दोन्ही पिंपं भरली. लेक गेली, तिच्या जलदानाला आठ दिवस झाले. आता येणारे कमी झालेत.

अकराला प्रज्ञाच्या ग्रुपचे तीन जण आले. नितीन (राजगुरुनगर), योगेश (मोशीचा, गॅरेज आहे), स्नेहल (प्र.च्याच कंपनीत, स्टोअरला). याआधी नावंच ऐकली होती. एका जुन्या इंग्रजी बँडवर या चौघांचा जीव. बँडही चौघांचाच, त्यावरून ग्रुपचं नाव ‘चौघं’. गाणी ऐकण्यापेक्षा त्या बँडवरची पुस्तकं वाचायची आणि दर रविवारी चहाच्या टपरीवर भांडायचं, असा उद्योग. तिशीतली माणसं. मला ते पोरकट वाटायचं, तसं मी प्र.ला एकदा बोललोही होतो.

शालनने चहा केला. उठताना नितीन म्हणाला, “काका, ताईकडे माझं एक पुस्तक होतं. बारीकसं. बँडच्या ड्रायव्हरने लिहिलेलं. घाई काहीच नाही. सापडलं तर.”

बघतो म्हणालो.

५ ऑगस्ट, मंगळवार

हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं. शालनला सांगता येत नाही.

प्र. शाळेत असताना मी कंपनीतून मशीन-पार्टची रद्द झालेली ड्रॉइंग्ज आणायचो, वह्या-पुस्तकांना कव्हर घालायला. जाड कागद, फाटत नाही. इतर मुलं कोरी बाजू बाहेर ठेवत. प्र.ला रेघांची बाजू बाहेर हवी. वर्गात तसं कोणाचंच नाही म्हणून. नोकरी लागल्यावरही सवय गेली नाही. या बँडच्या पाचही पुस्तकांना तिने तशीच कव्हरं घातली होती. चार कपाटात आहेत.

१२ जुलैला, शनिवारी, मी माळा साफ केला. रिटायर झाल्यापासून पडलेले कॅटलॉग, ड्रॉइंगच्या गुंडाळ्या, सगळं रद्दीवाल्याला दिलं. त्यात एक पातळ काहीतरी ड्रॉइंगमध्ये गुंडाळलेलं होतं. आपलाच कागद समजून टाकलं. उघडून पाहिलं नाही. पंचवीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली, न बघता एक पार्ट सोडला नाही.

सोमवारी सकाळी प्र. स्टुलावर चढून माळा शोधत होती. “पप्पा, माझं पुस्तक बघितलं? ड्रॉइंगचं कव्हर होतं. वाचता वाचता इथेच ठेवलं होतं.”

त्याच क्षणी मला कळलं. पण म्हणालो, “मी हात नाही लावला.” कारण असं काही नाही. सकाळी सकाळी बोलणी नकोत. रद्दीवाला नऊला उघडतो, आणून ठेवू, संध्याकाळी तिला सापडेल.

सहा दहाची कंपनीची बस गेली. मग ती स्कूटरवर गेली.

पुढचं लिहीत नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

रद्दीवाल्याकडे गेलो. म्हणाला, “साहेब, महिना होत आला. इथला माल दर आठवड्याला गोडाऊनला जातो, तिथून मिलला. आता त्याचा पुठ्ठा झाला असंल.” गोडाऊनचा पत्ता मागितला. कशाला हवा म्हणाला. सांगितलं नाही. पत्ता घेतला तरी गेलो नाही.

शालनने विचारलं कुठे गेला होतात. पेन्शनच्या कामाला, म्हणालो.

१० ऑगस्ट, रविवार

नितीनने फोन करून मोशीला बोलावलं. शालन म्हणाली जाऊन या, घरात बसून राहता. गेलो.

टपरीच्या मागे बाकडं आहे. प्र. भिंतीच्या कडेला बसायची म्हणे. ती जागा सोडून बसले होते. मला तिथे बसवतात की काय वाटलं. नाही बसवलं.

योगेश म्हणाला, “काका, तुमी एक तरी वाचाच. आधी जाडं वाचा. पेपरात लिवणाऱ्याचं. तारखा, गावं, कोण कधी आलं, समदं हाय त्यात. वजनच सांगतंय.”

स्नेहल म्हणाली, “वजनावर जायचं तर काट्यावर ठेव. काका, तुम्ही ड्रमरच्या बायकोचं वाचा. प्रज्ञा त्यात रडली होती.”

“ताई? रडली? न्हाई.”

“तुझ्यासमोर कशाला रडेल रे.”

घरी तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. दहावीनंतर तर नाहीच.

नितीन म्हणाला, त्याचा विचार घेतला तर ड्रायव्हरचंच आधी द्यावं. “बाकीचे सगळे बोलणारे आहेत. हा नुसता गाडी चालवायचा आणि ऐकायचा.” मग माझ्याकडे बघून गप्प झाला. त्याला वाटलं पुस्तक मागतोय असं होईल.

काट्याचं बोलणं परत येताना डोक्यात राहिलं. रद्दीही काट्यावरच गेली, तिला काय माहीत.

१३ ऑगस्ट, बुधवार

जाडं पुस्तक काढलं. इंग्रजी वाचतो, पण रिपोर्टपुरतं. तासाला चार पानं. समासात प्र.ची पेन्सिल. ‘खोटं.’ ‘बायको वेगळं सांगते.’ ‘पुरावा?’ इन्स्पेक्टरची पोरगी.

शेवटच्या पानाला घडी केलेला कागद. उघडला तर व्हाय-व्हायचा फॉर्म. पार्ट रिजेक्ट झाला की आम्ही हेच भरत असू. पाच वेळा ‘का’ विचारायचं आणि शेवटच्या ‘का’समोर उपाय लिहायचा. तिच्या पहिल्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी मीच शिकवला होता. वर तिने लिहिलंय, बँड का फुटला?

का १ – ड्रमर गेला.
का २ – आजारी असून दौरा केला.
का ३ – परत जायचं, असं तो बोलला नाही (जाडं). बोलला होता (ड्रायव्हर).
का ४ – ज्याला बोलला त्याने गाडी वळवली नाही.
का ५ –

पाचवा कोरा. उपाय कोरा.

अक्षर अजून तसंच, ‘र’ची शेपटी लांब. बराच वेळ तेच बघत बसलो.

नंतर कागदाच्या मागच्या बाजूला मी लिहिलं. लिहायला नको होतं बहुतेक.

का १ – स्कूटर कंटेनरखाली आली.
का २ – बसने न जाता स्कूटरने गेली.
का ३ – बस चुकली.
का ४ – पुस्तक शोधत होती.

थांबलो.

१७ ऑगस्ट, रविवार

पुन्हा मोशीला. या वेळी मीच विचारलं, त्या ड्रायव्हरच्या पुस्तकात आहे काय.

नितीनने सांगितलं. शेवटच्या दौऱ्यात ड्रमर गाडीत पुढे बसला होता. बरं वाटत नाही, गाडी वळव, घरी जाऊ, म्हणाला. ड्रायव्हरला वाटलं चेष्टा करतोय. तो हसला आणि पुढे गेला. तिसऱ्या दिवशी ड्रमर मेला. हे कोणालाच माहीत नव्हतं. तीस वर्षांनी ड्रायव्हरने स्वतःच लिहिलं.

स्नेहल म्हणाली, “म्हणूनच मला ते पुस्तक नको वाटतं. बायको सांगते, नवरा त्या गाडीत नव्हताच.”

योगेश म्हणाला, “मग खोटं कशाला लिहील गं? तीस वर्सांनी? काय मिळणार हाय त्याला?”

“अरे, त्याला कोण ओळखत होतं? दोष अंगावर घेतला की माणूस गोष्टीत येतो. नाहीतर तो नुसता ड्रायव्हर. मेला तिचा नवरा, रडायचं तिने, आणि हा मधे येऊन म्हणतो माझ्यामुळे.”

“लय कडू बोलतीस राव तू.”

मी विचारलं, प्रज्ञा काय म्हणायची?

दोघांनी नितीनकडे बघितलं. मग नितीन म्हणाला, “आधी ती स्नेहलच्या बाजूने होती. मग म्हणाली, परत एकदा वाचते आणि सोमवारी सांगते.”

चहा तसाच राहिला. टपरीवाल्याने विचारलं, साखर कमी झाली का?

स्नेहलचं बोलणं मला पटलं. तेच जास्त वाईट. रोज हे लिहितो तेव्हा माझं तरी काय चाललंय. मेली ती. आणि मी माझं नाव पाचव्या ओळीत बसतंय का ते बघतोय. पण माझ्या गोष्टीत मी गाडीत होतो. हे कोणी नाकारणार नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

राजगुरुनगरला एसटीने गेलो. नितीन दुसऱ्या शिफ्टला जाणार होता. स्टँडबाहेर उभं राहूनच सांगितलं. पुस्तक रद्दीत गेलं, माझ्या हाताने.

म्हणाला, “जाऊ द्या हो काका, पुस्तक काय.”

मग त्याच्या लक्षात आलं. “म्हणजे ती शोधत होती तेव्हा... घरात नव्हतंच?”

“नव्हतं.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

तो बाजूच्या कठड्यावर बसला. खिशातून मोबाइल काढून मला दाखवला. रविवारी १३ जुलैला त्यानेच तिला पाठवलेलं. ‘तायडे, पुस्तक खाल्लंस का? उद्या आणच. दुसऱ्याला कबूल केलंय.’ खाली तिचं, ‘आणते रे बाबा, डोकं खाऊ नकोस.’ त्याखाली सोमवारी सकाळचं, ‘सापडत नाहीये. बस गेली.’

“मी उद्याच आण म्हटलं नसतं तर तिने शोधलंच नसतं काका. दुसरं तिसरं कोणी नव्हतं. उगाच म्हटलं होतं. तेव्हापासून मी... म्हणून तर तुमच्या घरी आलो.”

मी म्हणालो, तुझा काही संबंध नाही. तो म्हणाला, तुमचाही नाही. बराच वेळ दोघंही आपापलं खरं करत बसलो. त्याची बस आली, त्याने सोडली.

शेवटी म्हणाला, “काकूंना माहीत आहे?”

“नाही.”

“मी नाही सांगणार.”

“तू नकोच सांगू.”

जाताना पाया पडला. आमच्यात ती पद्धत नाही, पण अडवलं नाही. परतीला बस चाकणला अर्धा तास अडकली. प्र. जिथे गेली त्या सिग्नलच्या आधीच डोळे मिटले. उघडले तेव्हा मोशी.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी भाजी निवडताना शालनने विचारलं. आवाज साधा. “त्या दिवशी ती माळ्यावर काय शोधत होती हो? मी न्हाणीत होते. तुम्ही खाली उभे होतात ना?”

म्हणालो, हो.

“मग?”

“संध्याकाळी सांगतो.”

तिने माझ्याकडे बघितलं. पुढे विचारलं नाही. भाजी निवडून झाली. चारला पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला गेली. दारातून म्हणाली, “सहाला येते.” इतर वेळी ती वेळ सांगून जात नाही.

मोशीला आज येत नाही असं योगेशला कळवलं. म्हणाला, “बरं काका, पण त्ये जाडं कुठवर आलं?” दोनशे बारा, म्हणालो. “मग आता खरी मजा,” म्हणाला.

प्र.चा कागद काढला. मागच्या बाजूला पाचवा भरला. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. पुढच्या बाजूचा तिचा पाचवा तसाच ठेवला.

उपायाचा रकाना राहिला. पाच वाजून गेलेत.

चारही पुस्तकं टेबलावर घेतली. ड्रॉइंगच्या कव्हरवर, रेघांवरूनच, जाड मार्करने मोठ्या अक्षरात एकेकाचं नाव लिहिलं. पुढे, मागे आणि कण्यावरही. लांबून दिसेल, आपला कागद समजून कोणी टाकणार नाही असं. चौथ्याला मार्कर फिका पडला. झाकण लावून हलवला, पुन्हा गिरवलं.