लंकाबाईंचा डावा कान

नारायणगाव,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

प्रिय श्रेया,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट बाजूला ठेवलं नाहीस, एवढ्यानेही मला बरं वाटेल. फोन केला असता तर मी अर्ध्यात भलतंच बोलून मोकळी झाले असते, म्हणून लिहिते आहे. सांगलीचं नवं हॉस्पिटल मानवलं का? आईंचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठीक. मम्मीला थंडी बाधली होती, आता बरी आहे. द्राक्षांचा हंगाम जोरात आहे, बायपासला सारखी गाड्यांची रांग.

शनिवारी माझा सत्कार झाला, तुझ्या कानावर आलं असेलच. आपल्या कानाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने पुरस्कार दिला. खेड्यातल्या माणसांना गावातच दुर्बिणीतून कानाचं ऑपरेशन मिळतं, आणि ते करायला मी इतर डॉक्टरांना शिकवलं, म्हणून. समारंभ मुद्दाम आपल्या गावात ठेवला. पप्पांनी कापडाचं दुकान दिवसभर बंद ठेवलं. एसटी स्टँडपासून जुन्नर रस्त्यापर्यंत माझे फ्लेक्स. स्वतःच्या एवढ्या मोठ्या तोंडाखालून दवाखान्यात जायची मला लाज वाटत होती.

शाल लंकाबाईंच्या हातून द्यायची, ही कल्पना पप्पांची. पेठच्या लंकाबाई, आठवतात ना? सहा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा कान केला, तेव्हा तू नुकतीच माझ्याकडे आली होतीस. पट्टी काढल्यावर त्या वर बघून म्हणाल्या होत्या, "आगं बया, ह्यो पंखा येवढा वाजतो व्हय?" स्टेजवर त्यांनी तेच सगळ्यांना सांगितलं. हॉल हसला, टाळ्या वाजल्या. माझ्या खांद्यावर शाल होती आणि हात मी शालीच्या आत दाबून धरले होते.

पहिल्या रांगेत त्यांचा मुलगा आदेश होता. तो आता कोणाच्याही उजव्या बाजूला बसतो, म्हणजे त्याचा डावा कान माणसाकडे राहतो. कार्यक्रमानंतर तो माझ्या पाया पडला.

श्रेया, डिसेंबरमध्ये आदेशच्या ऑपरेशनच्या दिवशी तुला मी सांगितलं होतं की रात्री झोप झाली नव्हती, म्हणून हात हलला. ते खोटं होतं. जुलैपासून माझा उजवा हात थरथरतो. नाशिकला जाऊन डॉक्टरांना दाखवलं, तेही मम्मीच्या माहेरच्या आडनावाने. त्यांनी स्पष्ट सांगितलं, बारीक काम बंद करा. मी गोळी घ्यायचे, हात थांबायचा, मी ऑपरेशन करायचे. पाच महिने असे काढले. दर वेळी वाटायचं, हे शेवटचं. मग कोणी तरी पिंपरी पेंढारहून नातवाला घेऊन यायचं आणि म्हणायचं, दुसरीकडे जायचं न्हाई आमाला.

आदेशला आईचाच आजार. कानातलं तांदळाएवढं हाड तसंच जखडलेलं. हाड सोडवायची बारीक टोचणी आत जायच्या आधी तू हळूच म्हणालीस, "ताई, थांबा. मी करू का?" मी तुला सगळ्या स्टाफसमोर गप्प बसवलं. पुढच्या क्षणी हात उडाला. आदेशला पूर्ण भूल होती, त्याला काहीच कळलं नाही. त्याचा उजवा कान कायमचा गेला. महिनाभर तो भिंतीला धरून चालत होता. त्याची नारायणगाव-जुन्नर जीप अजून दुसराच कोणी चालवतो, कारण हॉर्न कुठून वाजला हे त्याला समजत नाही.

त्याने मला विचारलं होतं, "मॅडम, काय चुकलं का?" मी म्हटलं, हजारात एखाद्याला होतं असं.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक ठेवलं होतं. मी ऑपरेशन करायचं आणि चाळीस डॉक्टरांनी शेजारच्या हॉलमध्ये पडद्यावर बघायचं. पेशंट लंकाबाई, डावा कान. हे ठरलं तेव्हा नाही म्हणायला मला तीन आठवडे होते. पत्रिका छापल्या, पाहुणे ठरले, पप्पा नातेवाइकांना फोन करत राहिले. रोज सकाळी वाटायचं आज सांगू, आणि रोज एक दार बंद व्हायचं. ते मीच बंद करत होते, हे आता कळतं.

रविवारी सकाळी दोन गोळ्या घेतल्या. लंकाबाईंना कानापुरतीच भूल दिली होती. तोंडावर हिरवं कापड, आणि त्या खालून बोलत होत्या. "डॉक्टरीणबाई, दोन्ही कान झालं की मी भजनात पुढं बसणार बघा." डाव्या हातात दुर्बीण धरून मी कानाचा पडदा उचलला, आत गेले. मग टोचणी घेतली आणि समोरच्या स्क्रीनवर तिचं टोक दिसलं. वीसपट मोठं. ते थरथरत होतं. हॉलमध्येही दिसत असणार, पण कोणी काही बोललं नाही. कदाचित माझ्या हाताबद्दल अशी शंका घ्यायची कोणाची छाती झाली नसेल.

मी टोचणी खाली ठेवली. पडदा जागेवर बसवला, तेवढं जमलं. मग गळ्यातल्या माइकवर बोलले. माझा हात सात महिन्यांपासून थरथरतो, याच हाताने आदेशचा कान गेला, माझ्या सहकारी डॉक्टरने मला थांबवलं होतं, मी ऐकलं नाही. मराठीत बोलले. लंकाबाई खाली आहेत, हे ध्यानात होतं. त्यांना कळावं म्हणूनच.

 कापडाखालून त्या म्हणाल्या, "माझ्या आदेशाचा कान तुमच्या हातनं गेला?"

"हो."

"आन् काल मी तुमाला शाल घातली."

मग म्हणाल्या, "काढा ह्ये फडकं. मला उठवा."

बाहेर बाकावर आदेश होता. मी स्वतः जाऊन सांगितलं. तो त्याच्या चांगल्या कानाने ऐकत होता, म्हणून मान वळलेली, मला त्याचा चेहरा अर्धाच दिसला. तो म्हणाला, "हजारात एक म्हणला व्हता तुमी. मी लई दिवस इचार करत व्हतो, का मीच का." एवढंच. आवाज चढवला असता तर सोपं गेलं असतं.

आता जे लिहायचं टाळत इथपर्यंत आले ते.

आदेशच्या ऑपरेशननंतर तू दोन दिवसांत निघून गेलीस तेव्हा लंकाबाईंनी मला विचारलं होतं, "ती पोरगी का गेली? तिच्याच हातनं झालं का?" मी उत्तर दिलं नाही. पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायले. त्यांनी त्याचा अर्थ लावला, पेठमध्ये तोच पसरला, आणि मी दोन महिने तो पसरू दिला. तुझ्या नावावर मी पुरस्कारापर्यंत पोचले.

रविवारी त्यांना हेही सांगितलं. त्या खाली बसल्या. "त्या पोरीला मी तोंडाला यील ते बोलले," म्हणाल्या, "चार बायांत."

काल सगळं सही करून लेखी दिलं. आदेशने कागद हातात घेतला नाही, आईने घेतला. ते तक्रार करणार असतील तर तो त्यांना लागेल. संघटनेला पुरस्कार परत पाठवला आहे. ऑपरेशन थिएटरला कुलूप आहे. पप्पा माझ्याशी बोलत नाहीत, मम्मी ताट वाढून जाते. आणि लोक येतातच. आज सकाळी ओतूरहून तिघं आले, पेपरातला माझा फोटो कापून आणलेला. त्यांना मी सांगते, त्यांना पटत नाही. फ्लेक्स काढायला माणूस उद्या येतो म्हणाला.

आदेशचा डावा कानही हळूहळू जखडतोय. तो गेला तर त्याला काहीच उरणार नाही. मला दुसऱ्या कोणाचं नाव सुचत नाही असं नाही, पण तुझ्या हातावर माझा जेवढा विश्वास आहे तेवढा कोणाच्या नाही. त्यांना सांगलीला पाठवू का? लंकाबाईंना तुझा पत्ता हवा आहे, वेगळ्या कारणासाठी. तुला विचारल्याशिवाय मी दिला नाही. नको असेल तर तेवढंच कळव.

माझ्यासाठी काही करू नकोस. मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल, त्यांना लिही.

वेळेवर तुझं न ऐकलेली,
रिद्धी