सुनंदानं न घेतलेलं नाव

जाफराबाद, मंगळवार, १९ जानेवारी १९८८

आज दहावीला 'हू' घालून दोन इंग्रजी वाक्यं जोडायला शिकवलं. फळ्यावर सहज सुचलं ते लिहिलं. दत्ता अंबडला राहतो. दत्ता जीप चालवतो. सुनंदाला उठवलं, कारण वर्गात तीच बराबर सांगते. ती उभी राहिली तर मागच्या बाकावरच्या पोरी तोंडाला हात लावून हसतायत. मी चिडणार तेवढ्यात सुनंदा खाली बघत म्हणाली, "द मॅन हू लिव्ज इन अंबड ड्राइव्ज अ जीप."

वाक्य बिलकुल बरोबर. पण दत्ता कुठं गेला?

"नाव घे की," म्हणालो, तर शेजारची शाहीन बोलली, "सर, तिला ते नाव घेता येत न्हाई. परवा तिची सुपारी फुटली."

म्हणजे नवरदेवही दत्ताच. एवढ्या नावांत मला नेमकं तेच का सुचावं?

तास सुटल्यावर विचारलं, "परीक्षेला बसणार ना गं?"

"घरी विचारून सांगते, सर."

लग्न अजून लागलं नाही आणि पोर आत्तापासून नाव गिळायला शिकली. जेवतानाही तेच डोक्यात. रविवारी तिच्या वडिलांकडं जाऊन यावं. ऐकतील? बघू.

उद्या भविष्यकाळ घ्यायचा आहे. फळ्यावर पहिलं वाक्य हेच लिहीन, सुनंदा मार्चमध्ये परीक्षेला बसेल. आणि तिलाच मोठ्यानं वाचायला लावीन. स्वतःचं नाव घ्यायला तरी तिला अजून कुणाची बंदी नाही.